घरच्या फायबरसाठी रॅकमधला राउटर: मापं, जोडणी, सेटिंग आणि नेमकं कुठे अडतं

फायबर कंपनीने दिलेला छोटा राउटर बाजूला ठेवून रॅकमध्ये बसणारा राउटर लावायचं ठरलं, की बहुतेकांचा सगळा वेळ मॉडेल निवडण्यात जातो. काम अडतं ते मात्र दुसरीकडे. कंपनीकडून व्हीलॅनचा (एकाच वायरीवर वेगवेगळ्या सेवा वेगळ्या ठेवणाऱ्या खुणेचा, म्हणजे टॅगचा) क्रमांक घेतलेला नसतो, मागच्या वायरींना जागा न सोडल्यामुळे राउटर रॅकमध्ये पूर्ण आत सरकत नाही, फायबरच्या टोकावर धूळ बसलेली असते. राउटरमधली सेटिंग अर्ध्या-पाऊण तासाची. आधीची तयारी कच्ची असेल तर त्याच सेटिंगला दोन दिवस लागतात.

सगळी आखणी एका गोष्टीभोवती करा: घरातलं चालू इंटरनेट शेवटच्या क्षणापर्यंत बंद पडता कामा नये. नवा राउटर रॅकमध्ये बसवून, सेटिंग भरून, घरातलं नेटवर्क त्यावर तपासून झालं, की मग ओएनटीतून (फायबर जिथे येऊन संपते त्या कंपनीच्या डब्यातून) येणारी एकच केबल जुन्या राउटरमधून काढून नव्यात घालायची. नाही जमलं तर तीच केबल परत जुन्यात. परतीची वाट इतकी सोपी असली की घाईघाईत दहा सेटिंग एकदम बदलण्याची वेळ येत नाही.

कंपनीकडून आधी काय विचारून घ्यायचं

पहिला प्रश्न ओएनटीचा. फायबरमधला प्रकाश घेऊन त्याचं इथरनेट करून देणारा डबा म्हणजे ओएनटी. काही ठिकाणी तो वेगळा असतो आणि पुढे राउटर, काही ठिकाणी दोन्ही एकाच डब्यात. वेगळा असेल तर काम सरळ आहे. एकाच डब्यात असेल तर त्यातला राउटरचा भाग बंद करून त्याला ब्रिज मोडमध्ये (जोडणी नुसती पुढे देणाऱ्या स्थितीत) टाकावं लागतं. हा बदल बहुतेकदा कंपनीच्या बाजूने होतो. ग्राहकाला दिलेल्या लॉगिनमध्ये तो पर्याय दिसतच नाही. त्याच डब्यावर लँडलाइन किंवा टीव्ही चालत असेल तर त्या सेवांचे व्हीलॅन सहसा वेगळे असतात. तेव्हा फक्त इंटरनेटचा व्हीलॅन ब्रिज करायला स्पष्ट शब्दांत सांगा, नाहीतर फोन मुका होतो. बदलाआधी डब्याच्या सगळ्या पानांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. इथे नुसती केबल परत लावून जुनी स्थिती येत नाही.

ब्रिज मिळतच नसेल तर कंपनीच्या डब्यात डीएमझेड हा (बाहेरून येणारं सगळं एकाच पत्त्याकडे वळवणारा) पर्याय शोधा आणि त्यात नव्या राउटरचा पत्ता भरा. दुहेरी नॅट (घरातले पत्ते बाहेरच्या एका पत्त्यामागे लपवणं, तेही दोनदा) राहतो. वेब, व्हिडिओ, कॉल यांना त्याचा फरक जाणवत नाही. काही ऑनलाइन खेळ आणि बाहेरून घरात येणाऱ्या जोडण्या मात्र कुरकुरतात.

पुढचे प्रश्न असे: जोडणी पीपीपीओईने (वापरनाव-पासवर्ड देऊन) होते, डीएचसीपीने (पत्ता आपोआप मिळून), की स्थिर आयपीने? पीपीपीओई असेल तर वापरनाव आणि पासवर्ड लेखी मागा; जुन्या राउटरच्या पानावर पासवर्ड ठिपक्यांमागे लपलेला असतो. व्हीलॅन टॅग लागतो का, क्रमांक काय, आणि टॅग ओएनटी लावतो की तो राउटरने लावायचा? याच मुद्द्यावर सर्वाधिक जोडण्या अडतात. जोडणी मॅक पत्त्याला (उपकरणाच्या स्वतःच्या क्रमांकाला) बांधलेली आहे का? सार्वजनिक आयपी मिळतो की सीजीनॅटमागचा, म्हणजे अनेक ग्राहकांत वाटलेला? आयपीव्ही६ देतात का, आणि दिलं तर प्रीफिक्स (घराला मिळणारा पत्त्यांचा पट्टा) केवढा, ५६ की ६४?

सीजीनॅट ओळखायची खूण सोपी आहे. राउटरच्या वॅन (इंटरनेटकडच्या) बाजूला १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होणारा पत्ता दिसला, तर तुम्ही कंपनीच्या सामायिक नॅटमागे आहात. काही कंपन्या तिथे १० ने सुरू होणारे खासगी पत्तेही वापरतात. मग पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची जोडणी घरातल्या ठरावीक उपकरणाकडे पाठवण्याचा नियम) कितीही अचूक लिहा, बाहेरची जोडणी घरापर्यंत पोहोचत नाही. दोष राउटरचा नसतो. सार्वजनिक आयपी मागा, नाहीतर आयपीव्ही६ने किंवा बाहेरच्या सर्व्हरपर्यंत नेलेल्या व्हीपीएन बोगद्याने मार्ग काढा.

राउटर निवडताना

रॅकमधल्या राउटरांत सहसा वायफाय नसतं. पत्र्याच्या डब्यात अँटेना ठेवून उपयोगही नाही. म्हणून अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय देणारे वेगळे डबे) आणि त्यांना केबलमधून वीज देणारा पीओई स्विच आधीपासून हिशेबात धरा. ८०२.३एएफ पोर्ट १५.४ वॅट देतो, ८०२.३एटी ३० वॅट. नवे अ‍ॅक्सेस पॉइंट बहुधा दुसऱ्या प्रकारचे मागतात.

वेगाच्या आकड्यांकडे सावधपणे पाहा. माहितीपत्रकातला सर्वांत मोठा आकडा मोठ्या पॅकेटांवर आणि फायरवॉलचे नियम न लावता मोजलेला असतो. तुमच्या उपयोगाचा आकडा म्हणजे नॅट आणि फायरवॉल चालू असतानाचा. पीपीपीओईवाल्यांनी आणखी एक गोष्ट बघायची. नेटवर्क कार्ड पॅकेटमधले आयपी पत्ते आणि पोर्ट पाहून काम प्रोसेसरच्या वेगवेगळ्या कोअरमध्ये वाटतं. पीपीपीओईच्या आवरणात हे पत्ते झाकले जातात, त्यामुळे अनेक कार्डांवर येणारा सगळा भार एकाच कोअरवर पडतो. साध्या पीसीच्या भागांवर बनलेल्या राउटरमध्ये हे हमखास दिसतं: आठ कोअरांपैकी एक शंभर टक्के, बाकीचे बसून. अशा जोडणीसाठी जास्त कोअरांपेक्षा एका कोअरचा वेग महत्त्वाचा.

पोर्टांचंही तसंच. १ गिगाबिटच्या इथरनेट पोर्टवर प्रत्यक्ष मोजमापात ९४० मेगाबिटच्या आसपास मिळतं. हा तोटा नव्हे, प्रत्येक पॅकेटच्या वेष्टनाचा खर्च आहे. प्लॅन १ गिगाबिटपेक्षा वरचा असेल तर ओएनटीचा आणि राउटरचा, दोन्ही पोर्ट २.५ गिगाबिटचे किंवा वरचे हवेत. फसगत होते ती एसएफपी+ पोर्टवर, म्हणजे फायबरचं किंवा तांब्याचं मॉड्यूल घालायच्या खाचेवर. अनेक राउटरांचे असे पोर्ट फक्त १ किंवा १० गिगाबिटवर चालतात. २.५ गिगाबिटचा ओएनटी तांब्याच्या मॉड्यूलने जोडला की लिंक लागत नाही किंवा १ वर उतरते. घेण्याआधी २.५ गिगाबिटचा स्पष्ट उल्लेख शोधा.

आवाजाचा विचार घरात टाळता येत नाही. १यू उंचीच्या डब्यात ४० मिमीचे छोटे पंखे असतात आणि पुरेशी हवा ढकलायला ते फार जोरात फिरतात. बारीक, टोकदार शिट्टी लागते. झोपायच्या किंवा बसायच्या खोलीजवळ रॅक असेल तर बिनपंख्याचा किंवा तापमानानुसार पंखा मंद करणारा राउटरच घ्या. नंतर पंखे बदलून आवाज कमी करता येतो, पण शांत पंखा बहुधा कमी हवा देतो आणि तापमान वाढतं.

रॅक आणि मापं

प्रमाण रॅकची रुंदी १९ इंच, म्हणजे पुढची पट्टी टोकापासून टोकापर्यंत ४८२.६ मिमी. उंची यूमध्ये मोजतात. १यू म्हणजे ४४.४५ मिमी. घरासाठी ६यू किंवा ९यू भिंतीवरचा रॅक बहुधा पुरतो: पॅच पॅनेल (भिंतीतल्या केबली जिथे येऊन संपतात ती पट्टी) १यू, स्विच १यू, राउटर १यू, ओएनटीसाठी शेल्फ १यू आणि हवेला मोकळी जागा. १० इंची छोटे रॅकही मिळतात, पण त्यात १९ इंची राउटर बसत नाही.

रुंदी आणि उंची ठरलेल्या असतात, चूक होते खोलीत. रॅकवर लिहिलेली ४५० मिमी खोली बाहेरच्या पेटीची असते. पुढची पट्टी दारापासून थोडी आत असते, म्हणून प्रत्यक्ष जागा कमी मिळते. टेप पट्टीच्या पुढच्या कडेपासून मागच्या पत्र्यापर्यंत धरा. राउटरची खोली अधिक ७५ ते १०० मिमी, एवढं अंतर मिळालं पाहिजे. वीजेच्या प्लगला आणि वायरीच्या वळणाला तेवढं लागतंच. आणि राउटर पुढच्या फक्त दोन कानांवर टांगता येईल इतका हलका-आखूड आहे का तेही पाहा. साधारण ४०० मिमीपेक्षा खोल किंवा जड राउटर पुढच्या कानांवर लटकवला तर मागची बाजू खाली झुकते आणि कान वाकतात. त्याला मागून आधार, सरकती रूळपट्टी किंवा शेल्फ द्या.

भिंतीच्या बाबतीत कसर करू नका. पेटी, राउटर, स्विच, पॅनेल मिळून २० ते २५ किलो सहज होतात. भरीव विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत ८ मिमीचे चार अँकर फास्टनर, स्पिरिट लेव्हल लावून. ड्रिल करण्याआधी भिंतीतली वीजेची आणि पाण्याची लाइन शोधून घ्या. पोकळ विटा किंवा जिप्समची भिंत असेल तर आधी १८ मिमीचा प्लायवूड आतल्या उभ्या सांगाड्यात स्क्रूने पक्का करून त्यावर रॅक लावा. यूपीएस भिंतीवरच्या रॅकमध्ये चढवूच नका, खाली जमिनीवर ठेवा. त्यातली लेड-अ‍ॅसिड बॅटरीच सगळ्यात जड असते.

आता भोकं. चौकोनी भोकं ९.५ मिमीची असतात आणि त्यांत एम६ केज नट बसतात. एका यूमध्ये तीन भोकं. त्यांच्या मध्यांमधलं अंतर १५.९, १५.९ आणि मग १२.७ मिमी असं फिरून फिरून येतं. यूची हद्द या १२.७ मिमीच्या अरुंद अंतराच्या मधोमध असते. ही खूण लक्षात ठेवा. एक भोक वरखाली झालं तर राउटर बसतो खरा, पण शेजारचं उपकरण साधारण एक-तृतीयांश यूने अडतं आणि सगळं पुन्हा उतरवावं लागतं. १यू साठी वरच्या आणि खालच्या भोकात, दोन्ही बाजू धरून चार नट. नट पट्टीच्या आतल्या बाजूने बसवायचे, आणि पुढून केज नटच्या हुकाने ओढायचे. स्क्रूड्रायव्हरने दाबताना तो सटकून बोट कापतं, आणि हुक बऱ्याचदा नटांच्या पाकिटातच येतो.

राउटर बसवताना एकाने धरायचं, दुसऱ्याने स्क्रू लावायचे. चारही स्क्रू आधी हाताने दोन-तीन आटे, खालचे दोन पहिले, आणि सगळे लागल्यावर मग आवळायचे. एक स्क्रू आधीच पूर्ण आवळला की समोरचा नटशी जुळत नाही.

क्रम असा ठेवा: सर्वांत वर शेल्फवर ओएनटी (रॅकमध्ये आणायचा असेल तर), खाली पॅच पॅनेल, मग स्विच, मग राउटर. पॅच पॅनेल आणि स्विच लागून असले की १५ ते ३० सेंमीच्या आखूड पॅच कॉर्ड पुरतात. बिनपंख्याचा राउटर असेल तर त्याच्या वर १यू रिकामं सोडा, त्याचं वरचं झाकणच उष्णता बाहेर टाकतं. पंख्याचा असेल तर हवा पुढून मागे जाते की बाजूने, ते पाहून त्या जाळ्या मोकळ्या ठेवा. कपड्यांच्या बंद कपाटात किंवा माळ्यावर रॅक लावायचा मोह होतो. दोन्ही जागा उष्णतेसाठी वाईट.

फायबर: इथे हात हळू चालवा

सर्वांत आधी सुरक्षितता. फायबरमधला प्रकाश १२७० ते १५७७ नॅनोमीटरच्या पट्ट्यात असतो, म्हणजे डोळ्याला दिसत नाही. मोकळ्या टोकात किंवा पोर्टमध्ये डोकावून पाहू नका. टोपण काढलं की लगेच जोडा, आणि न वापरलेल्या टोकाला टोपण ठेवा.

घरच्या फायबरवर बहुधा हिरवा एससी/एपीसी कनेक्टर असतो. त्याचं टोक ८ अंशाच्या कोनात घासलेलं असतं, जेणेकरून परावर्तित प्रकाश उलटा लेझरकडे जाऊ नये. निळा एससी/यूपीसी दिसायला तसाच आणि त्याच पोर्टमध्ये बसतोही, पण दोन्ही टोकं एकमेकांना भिडत नाहीत. मधे हवेची फट राहते, प्रकाश वाया जातो आणि टोकं खरवडली जातात. हिरव्याला हिरवा, निळ्याला निळा. यात तडजोड नाही.

ओएनटी रॅकमध्ये हलवायचा का? आमचं मत: तो जिथे आहे तिथे हवा आणि वीज नीट मिळत असेल तर हलवू नका. ओएनटीपासून रॅकपर्यंत कॅट ६ केबल टाका. १ गिगाबिट आणि २.५ गिगाबिटसाठी १०० मीटरपर्यंत ती चालते. हलवायचाच असेल तर भिंतीवरच्या टर्मिनेशन बॉक्सपासून दोन्ही टोकांना एससी/एपीसी असलेली ९/१२५ सिंगल-मोड पॅच कॉर्ड वापरा. कंपनीची मूळ वायर कापू नका. वाढीव लांबीची काळजी नको. १३१० नॅनोमीटरला किलोमीटरमागे साधारण ०.३५ डेसिबल घट होते, म्हणजे २० मीटरला ०.००७. ती मोजण्यातही येत नाही. वाढीव प्रत्येक जोडाला मात्र ०.३ डेसिबलच्या आसपास जातात, आणि जोड मळका असेल तर कितीही.

तीव्र वळण हा दुसरा शत्रू. जुन्या जी.६५२डी फायबरला ३० मिमी त्रिज्येपेक्षा घट्ट वळवू नये. वळण सहन करणाऱ्या जी.६५७.ए१ ला १० मिमी आणि जी.६५७.ए२ ला ७.५ मिमी चालतं. कोणती आहे हे वायरीवर छापलेलं असतं. वाचता येत नसेल तर ३० मिमी धरा. उरलेल्या फायबरची १० सेंमी व्यासाची सैल वेटोळी करून वेल्क्रोच्या पट्टीने बांधा. नायलॉनची टाय आवळू नका, आणि ही वेटोळी तांब्याच्या केबलींच्या जुडग्यात कोंबू नका. रॅकचं दार लावताना फायबर बिजागरीत सापडत नाही ना, ते दार उघड-मीट करून पाहा.

जोडण्याआधी टोक साफ करा. एससीसाठी मिळणारं २.५ मिमीचं क्लिक-क्लीनर एकदा दाबलं की काम होतं. नसेल तर धागे न सुटणारं कापड आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. मग कोरड्या भागावर एकदाच, एका दिशेने. तोंडाने फुंकू नका, श्वासातली वाफ टोकावर बसते. शर्टच्या टोकाने पुसणं त्याहून वाईट.

ओएनटीच्या पानावर प्रकाशाची पातळी दिसत असेल तर ती हात लावण्याआधी आणि नंतर लिहून ठेवा. जीपॉनच्या (घरगुती फायबरच्या एका पद्धतीच्या) प्रचलित बी+ वर्गात ओएनटीला उणे ८ ते उणे २७ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) चालतं. उणे १५ ते उणे २४ च्या दरम्यान असेल तर निश्चिंत राहा. हात लावल्यावर ३ डेसिबलने घसरण झाली म्हणजे अर्धा प्रकाश गेला: कुठेतरी धूळ किंवा वळण आहे, ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. पॉन (फायबर जोडणीचा) दिवा स्थिर आणि लॉस दिवा बंद हवा. लॉस लाल चमकत असेल तर प्रकाशच येत नाही.

ओएनटीचं काम करणारं एसएफपी मॉड्यूल थेट राउटरमध्ये घालायचा विचार अनेकांच्या मनात असतो. डबा एक कमी होतो हे खरं. पण कंपनीच्या यंत्रणेत त्या मॉड्यूलचा अनुक्रमांक नोंदवावा लागतो, त्याशिवाय ते जोडलं जात नाही. ही मॉड्यूल तापतातही पुष्कळ. कंपनी लेखी तयार असेल आणि राउटरच्या पोर्टाजवळून हवा खेळत असेल तरच त्या वाटेला जा.

तांबं, वीज आणि अर्थिंग

भिंतीतल्या केबली पॅच पॅनेलवर संपवा, थेट स्विचमध्ये घालू नका. भिंतीतली केबल एकसंध तारेची असते आणि वारंवार हलवल्यावर तुटते. टी५६८बी क्रम दोन्ही टोकांना सारखा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ टोकापाशी १३ मिमीपेक्षा जास्त उलगडू नका. तांब्याचा नुसता मुलामा असलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल घेऊ नका. तिचा रोध जास्त असल्यामुळे पीओईच्या वीजेत घट येते, आणि तार वाकवताना लवकर तुटते.

वीजेचा हिशेब मांडून पाहा. १यू राउटर १५ ते ४० वॅट, ओएनटी १० वॅटच्या आत, पीओई स्विच त्यावरच्या अ‍ॅक्सेस पॉइंटनुसार. समजा राउटर आणि ओएनटी मिळून ३५ वॅट. यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ९ अँपिअर-तासाची एक बॅटरी म्हणजे कागदावर १०८ वॅट-तास. रूपांतरातली घट आणि जलद उपसा धरून हाती साठ-पासष्ट येतात, म्हणजे साधारण पावणेदोन तास. बॅटरी जुनी होईल तसे ते घटतात. ओएनटी यूपीएसवर न लावणं ही नेहमीची चूक: राउटर चालू राहतो आणि इंटरनेट नसतं. पॉन जाळ्यातले वाटेवरचे, एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणारे स्प्लिटर वीजेवर चालत नाहीत. घरचे दोन डबे आणि कंपनीचं केंद्र चालू असलं की वस्तीतली वीज गेली तरी लाइन सहसा चालूच राहते.

रॅकच्या पेटीला अर्थिंगचा स्क्रू असतो. तिथून घराच्या अर्थिंगपर्यंत किमान ४ चौरस मिमीची हिरवी-पिवळी वायर इलेक्ट्रिशियनकडून टाकून घ्या. दारालाही वेगळी छोटी वायर हवी, रंगलेली बिजागरी भरवशाची नाही. काच वीज वाहत नाही, पण बाहेरून येणाऱ्या फायबरमध्ये ताण घेणारी पोलादी तार असू शकते. ती घराबाहेरच संपली पाहिजे. ती आत आणून रॅकला बांधणं म्हणजे आकाशातल्या वीजेला घरात वाट करून देणं.

जुन्या राउटरच्या मागे पूर्वतयारी

नव्या राउटरचा वॅन पोर्ट तूर्त जुन्या राउटरच्या लॅन (घरातल्या बाजूच्या) पोर्टमध्ये घाला, वॅन डीएचसीपीवर ठेवा. दुहेरी नॅट होईल, पण इंटरनेट मिळेल आणि फर्मवेअर अद्ययावत करता येईल. यासाठी आतला पत्त्यांचा पट्टा वेगळा हवा. जुना १९२.१६८.१.० असेल तर नव्याला १९२.१६८.५०.०/२४ द्या, राउटर ५०.१, डीएचसीपी ५०.१०० ते ५०.२४९, खालचे पत्ते प्रिंटर आणि स्विचसाठी राखीव. दोन्हीकडे एकच पट्टा राहिला तर राउटरला कोणतं पॅकेट कुठे टाकायचं ते कळत नाही आणि जोडणी विचित्र वागते. ओएनटीचं पान पुढेही उघडायचं असेल तर त्याचा पट्टाही टाळा.

पहिल्याच बैठकीत: प्रशासकाचा पासवर्ड बदला, वॅनकडून येणारं व्यवस्थापन बंद करा, यूपीएनपी (घरातल्या उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा, वेळेचा सर्व्हर आणि टाइम झोन लावा. रॅकमधल्या काही राउटरांवर फायरवॉल मुळात रिकामी असते. घरगुती राउटरसारखी आपोआप लागलेली नसते. वॅनकडून आलेली नवी जोडणी नाकारायची आणि आतून सुरू झालेल्या जोडण्यांची उत्तरं येऊ द्यायची, हा नियम आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्हींसाठी वेगवेगळा तपासा. आयपीव्ही६मध्ये नॅट नसतो, म्हणून तिथला नियम विसरला तर घरातली प्रत्येक वस्तू बाहेरून दिसते. मात्र आयसीएमपीव्ही६ सरसकट बंद करू नका. पॅकेटचा आकार ठरवणं आणि शेजारी शोधणं त्यावरच चालतं.

पाहुण्यांचं, कॅमेऱ्यांचं, कामाचं असे वेगळे व्हीलॅन आता बनवू नका. आधी एकच सपाट नेटवर्क नीट चालू दे. दोन्ही एकदम केलं की बिघाड नेमका कुठला ते कळत नाही.

केबल हलवायची वेळ

पीपीपीओईची माहिती, व्हीलॅन क्रमांक, लागत असेल तर जुन्या राउटरच्या लेबलवरचा वॅन मॅक हे सगळं नव्या राउटरमध्ये भरून ठेवा. पीपीपीओई व्हीलॅनच्या इंटरफेसवर बसवायचा, मूळ पोर्टवर नाही. जुन्या राउटरवर ‘जोडणी तोडा’ हे बटण दाबा, नुसती वीज काढू नका. वीज काढली तर कंपनीच्या बाजूला जुनं सत्र काही मिनिटं लटकून राहतं आणि नव्याला नकार मिळतो. मग ओएनटी बंद करा, केबल नव्या राउटरच्या वॅनमध्ये घाला, ओएनटी चालू करा, पॉन दिवा स्थिर होईपर्यंत थांबा आणि वॅन सुरू करा.

नाही लागलं तर राउटरची नोंदवही वाचा, तिथे जवळपास नेहमी उत्तर असतं. समोरून काहीच प्रतिसाद नाही, नुसत्याच हाका जात आहेत, तर व्हीलॅन चुकला आहे किंवा ब्रिज झालेला नाही. प्रतिसाद आला आणि ओळख नाकारली, तर व्हीलॅन बरोबर आहे. वापरनाव-पासवर्ड पाहा किंवा जुनं सत्र सुटायला दहा मिनिटं द्या. डीएचसीपीवर पत्ता मिळत नाही पण लिंक आहे, तर मॅक बांधलेला असण्याची शक्यता मोठी.

वेग ९४ मेगाबिटवर अडकला तर दुसरं काही शोधत बसू नका. लिंक १०० वर लागली आहे, म्हणजे आठपैकी एखादी तार नीट बसलेली नाही. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. पॅच कॉर्ड बदला, मग पॅनेलवरची जोडणी पुन्हा करा.

काही साइट उघडतात आणि काही अर्धवट लटकतात, ही एमटीयूची (एका पॅकेटच्या कमाल आकाराची) खूण. पीपीपीओई ८ बाइट घेतं, म्हणून १५०० चे १४९२ उरतात. वॅनचा एमटीयू १४९२ ठेवा आणि टीसीपीचा एमएसएस (पॅकेटमधल्या मजकुराची मर्यादा) आयपीव्ही४साठी १४५२, आयपीव्ही६साठी १४३२ वर बांधा. पडताळायला तुकडे न करण्याच्या अटीवर १४६४ बाइटचा पिंग पाठवा. तो जायला हवा आणि १४६५ चा अडायला हवा. कंपनी आणि ओएनटी दोघंही १५०८ चं पॅकेट स्वीकारत असतील तर पूर्ण १५०० मिळवता येतो, पण त्याने जाणवेल असा फायदा फारसा होत नाही.

वेग-चाचणी केबलने जोडलेल्या संगणकावर करा, वायफायवर नाही. चाचणी चालू असताना शेजारी पिंग चालू ठेवा. रिकाम्या लाइनवर ५ मिलिसेकंद आणि भरल्या लाइनवर २०० असेल, तर रांगेत पॅकेट साचत आहेत. कुणी मोठी फाइल चढवताना इतरांचे कॉल तुटतात ते यामुळेच. राउटरमध्ये एफक्यू-कोडेल किंवा केक (रांग आवरणाऱ्या पद्धती) लावून दोन्ही दिशांचा वेग मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांवर बांधा आणि पुन्हा मोजा. हे लावल्यावर हार्डवेअरची जलद वाट बंद होते आणि सगळं काम प्रोसेसरवर येतं. गिगाबिटच्या प्लॅनवर प्रोसेसर दमत असेल तर फक्त चढत्या दिशेला लावा. साचणं बहुतेकदा तिथेच जास्त असतं.

सगळं जमल्यावर संरचनेची प्रत काढून राउटरच्या बाहेर ठेवा. तिच्यात पीपीपीओईचा पासवर्ड उघडा असू शकतो, म्हणून ती कुठे पडू देऊ नका. दाराच्या आत एक कागद चिकटवा: व्हीलॅन क्रमांक, राउटरचा आतला पत्ता, कोणत्या पोर्टमध्ये कोणती खोली, आणि पहिल्या दिवशीची प्रकाशाची पातळी. सहा महिन्यांनी जोडणी तुटायला लागली आणि पातळी उणे १९ वरून उणे २६ वर गेलेली दिसली, तर राउटरला हात न लावता कंपनीला तो आकडा सांगा.